स्पायडरमॅन २ ला 'रडका' म्हणणाऱ्यांनो, जरा इकडं या

औसेकर_बारका
परवा इथं एकानं टाकलं होतं, लहानपणी ज्याच्यावर जीव होता तो स्पायडरमॅन २ परत लावला तर निम्म्यातच झोप लागली, हिरो सारखा रडतोय, मारामारी कमी आन् रूमभाड्याचीच रडगाणी जास्त, आपल्याला तवा आवडायचा कारण दुसरं बघायलाच काय नव्हतं. खाली सगळे हो ला हो. मी दोन दिवस गप बसलो. आज रविवार हाय, लाईट पण हाय, म्हणून लिहायलो.

मी बी गेल्या आठवड्यात बघितला, पुतण्याला घेऊन. २००४ ला आला तवा मी सातवीला, गावात सीडीवर बघितला, हिंदीतून. तवा मला नुसते त्या व्हिलन डॉक्टर ऑक्टोपसचे चार लोखंडी हात दिसले होते, बाकी पिक्चर कधी संपला कळलं नव्हतं. आता बघितला तर त्या हातवाल्यापेक्षा बँकेतला सायेबच मला जास्त व्हिलन वाटला. हिरो पीटरची मे काकू घर वाचवायला बँकेत जाती, सांगती की पियानोच्या शिकवण्या घ्यायलेय, हप्ता जमंल, तो गोड गोड बोलून नाही म्हणतो. काकू म्हणती जाऊद्या, निदान बँकेचा फुकटचा टोस्टर तरी मिळंल. तर म्हणतो तो ३०० डॉलर ठेव ठेवली तरच.

आता माझं ऐका. वडिलांसोबत पीककर्जाला गेलो होतो, दहावीला असताना, चौथा हेलपाटा. कागद परत अपुरा निघाला. उठता उठता वडील म्हणाले, सायेब निदान कॅलेंडर तरी द्या. सायेब म्हणाले संपले. आन् टेबलाखाली गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, मला बसल्या जागेवरून दिसत होता. वडिलांना बी दिसला असंल. ते काहीच बोलले नाहीत, बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला.

म्हणून म्हणतो, रूमभाड्याची रडगाणी म्हणजेच तो पिक्चर हाय. ज्याला कधी भाडं थकलं नाही त्याला झोप येणारच.

परभणी_जर्मनी
ती पोस्ट माझी. 'एकानं' कशाला म्हणायलास, नाव घ्यायला लाज वाटली का?

तू जे लिहिलास ते तुझ्या वडिलांचं हाय, पिक्चरचं नाही. कॅलेंडरचं वाचून मला बी वाईट वाटलं, पण त्याचे मार्क त्या डायरेक्टरला कशाला? पिक्चर म्हणून बघ की. डॉक्टर ऑक्टोपसला पीटरकडून स्पायडरमॅनचा पत्ता काढायचाय, बरोबर? मग हॉटेलात बसलेल्या त्याच पोरावर काचेतून अख्खी कार फेकतो! मेला असता तर पत्ता कुणाला इचारला असता, पोस्टमनला? त्याला तर तवा माहीत बी नव्हतं की हाच स्पायडरमॅन हाय. आन् शक्ती जाती का, येती का, कुणी सांगायचं? मनात आलं की गेली, चष्मा फेकला की आली.

भाडं माझं बी थकलंय, पुण्यात तीन वर्षं कॉट बेसिसवर काढलेत. तरी झोप लागली.

औसेकर_बारका
कारचं मान्य. ते येडपटपणाचंच हाय, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण शक्तीचं तुला कळलं नसंल तर तू कधी डब्बल ड्युटी केली नाहीस. कॉलेज, पिझ्झा, फोटो, वरून जग वाचवायचं. २९ मिनिटांत पिझ्झा पोचवायचा म्हणून पोरगं जीव काढून जातं, उशीर झाला म्हणून समोरची बाई पैसेच देत नाही, मालक नोकरीवरून काढतो. असल्यात कुणाचं जाळं निघंल?

सर_फिजिक्सवाले
लातुरात २० वर्षे अकरावी-बारावीला शिकवतोय म्हणून राहवत नाही. शेवटी त्या डॉक्टरनं बनवलेला धगधगता गोळा, ज्याला चित्रपटातच सूर्य म्हटलं आहे, तो नदीत बुडवून विझवतात. पाण्यानं चूल विझते. हे फ्यूजन आहे, अणुकेंद्रं जोडून निघणारी ऊर्जा, शेगडी नाही. मुलं वर्गात विचारतात आणि मला उत्तर द्यावं लागतं.

लोडशेडिंग_पीडित
सर, मारुतीरायानं सूर्य फळ समजून गिळायला झेप घेतली ते चालतं तुम्हाला, नदीत बुडवला की फिजिक्स?

माझं वेगळंच दुखणं हाय. आमच्याकडं तवा लाईट कधी जाईल नेम नसायचा. ट्रेन सुटली, ब्रेक तुटला, त्यानं दोन्हीकडं जाळे मारले, अंग ताणलं, दात ओठ खाल्ले आन् भप्पकन लाईट गेली. सीडी दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. ट्रेन थांबली का नाही हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं राव! वर्गात प्रत्येकजण वेगळं सांगायचा, एक म्हणला तो मेला. नंतर केबलवर बघितलं तर थांबली होती, आन् ते लोक त्याला हातावर उचलून आत घेतात, मास्क नसतो, एकजण म्हणतो हा तर पोरगा हाय, माझ्या लेकापेक्षा मोठा नसंल. मी एकटा बसून रडलो. आता म्हणा रडका.

परभणी_जर्मनी
रडलास तीन वर्षांच्या उधारीमुळं, सीनमुळं नाही. आन् न्यूयॉर्कात मॅनहॅटनच्या त्या भागात असली उंचावरची ट्रेनच नाही, ते शिकागोत शूट केलंय. एवढा बारीक बघतो मी.

जॉनची_बाजू
इतकं सगळं बोललात, पण त्या जॉन जेमसनबद्दल कुणी एक शब्द काढला का? पोरगा अंतराळवीर, चंद्रावर जाऊन आलेला, होणाऱ्या बायकोशी, मेरी जेनशी, सभ्य वागलेला, काही चूक नाही त्याची. लग्नाच्या दिवशी, पाहुणे जमलेले, हिनं चिठ्ठी लिहिली आन् गाऊन धरून पळाली पीटरच्या खोलीवर. आन् सगळे टाळ्या वाजवतात! त्या पोराचं काय झालं पुढं, कुणी इचारलं?

माझ्या चुलतभावाचं असंच झालंय, अंबाजोगाईकडची सोयरीक, हळद लागलेली, ८०० माणसाचा स्वयपाक चढलेला. सकाळी कळलं पोरगी नाही. भाऊ फेटा बांधून बसला होता. मला तो पिक्चर तवापासून बघवत नाही.

गंगाखेडची_माई
भाऊ, तुमच्या भावाचं वाईट झालं, खरंच. पण ती मुलगी राहिली असती तर? मनात दुसरा ठेवून जन्मभर पोळ्या लाटल्या असत्या, ते चाललं असतं का तुम्हाला? मेरी जेननं निदान चिठ्ठी तरी लिहिली. आमच्यात पोरीला 'पसंत आहे का' विचारतात ते सुपारी फुटल्यावर. ती हो म्हणाली म्हणजे काय, मान खाली घातली म्हणजे हो.

जॉनची_बाजू
आधी सांगायचं होतं ना मग. ८०० माणसं.

गंगाखेडची_माई
तुम्ही माणसं मोजताय का पत्रावळ्या?

जॉनची_बाजू
पत्रावळ्याच मोजतो, कारण त्याचे पैसे माझ्या काकानं सोयाबीन विकून भरलेते. तुम्हाला काय, टाइप करायला पैसे लागत नाहीत.

परभणी_जर्मनी
हे मात्र पिक्चरात बी हाय बरं का. नवरी पळाल्यावर जॉनचा तो पेपरवाला बाप पहिल्यांदा काय म्हणतो? केटररला फोन लाव, कॅव्हिअर उघडू नको म्हण. मला अख्ख्या पिक्चरात तो एकच माणूस शहाणा वाटला.

लोडशेडिंग_पीडित
असंल तुझा भाऊच तसा, उगीच कोण पळतंय

जॉनची_बाजू
घरच्यांवर यायचं नाही. समोर असतास तर सांगितलं असतं.

औसेकर_बारका
अय, हे काढून टाक आधी, कुणाच्या घरच्यांवर कशाला जायलास. धागा स्पायडरमॅनचा हाय का वधू-वर सूचक मंडळाचा?

लोडशेडिंग_पीडित
बरं, चुकलं. माफ करा दादा. ट्रेनमुळं डोकं तापलेलं होतं.

सर_फिजिक्सवाले
मारुतीचा मुद्दा माझ्या वर्गात सांगू नका, मुलं पेपरात लिहितील. बाकी एक कबूल करतो. हल्लीचे सुपरहिरो हिरव्या पडद्यासमोर हातवारे करतात. यात ते चार हात कित्येक सीनमध्ये खरोखर बनवलेले होते, माणसं कळसूत्री बाहुलीसारखे हलवायची. ऑपरेशन थिएटरच्या सीनला माझी मुलगी आजही पलंगाखाली जाते. व्हिज्युअल इफेक्टचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. विज्ञान मात्र शून्य.

परभणी_जर्मनी
मी काल रात्री नुसता बँकेचा सीन परत लावला, याला खोटं पाडायला. टोस्टरला हसू आलं. मग त्याच्या आधीचा बी बघितला, वाढदिवसाला ती काकू २० डॉलर देती, तो नको नको म्हणतो आन् ती एकदम ओरडती, घे म्हणून. आमची आज्जी एसटीत बसवताना खिडकीतून ५० ची नोट अशीच फेकायची, परत देऊ नये म्हणून गाडी हलल्यावर.

'रडका' शब्द मागं घेतो. 'कुंथणारा' म्हणतो. पिक्चर तरी अर्ध्या तासानं लांबडाच हाय, आन् कारचं तू आधीच मान्य केलेलं हाय, ते स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

औसेकर_बारका
फ्रेम करून लाव परभणीला.

गंगाखेडची_माई
जॉनची बाजूवाले भाऊ, एक विचारू का, राग नका मानू. त्या दिवशी जेवणाचं काय केलं मग?

जॉनची_बाजू
बुंदी, वरण-भात सगळं झालेलं होतं. गावातल्या शाळेत नेलं, उरलेलं वस्तीवर. भाऊच वाढायला होता. फेटा काढला नव्हता त्यानं, कुणाची सांगायची हिंमत झाली नाही.