टीज परीक्षा: गणित आणि रीडिंग अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत नर्सिंगच्या प्रवेशासाठी टीज (TEAS) ही प्रवेश परीक्षा द्यायची आहे. हातात साधारण सात आठवडे आहेत. सायन्स आणि इंग्रजी व्याकरणाचं बरं चाललंय, त्यावरून तुमचं डोकं खात नाही. गाडी अडलीय ती गणित आणि रीडिंगला. इथे कुणी ही परीक्षा दिली असेल किंवा घरातल्या कुणाची तयारी करून घेतली असेल तर सांगा प्लीज.

थोडं माझ्याबद्दल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स, मग लग्न, अमेरिकेत येणं, मुलं. सोळा वर्षांत फोनशिवाय हिशेब केलेला नाही. गेली दोन वर्षं एका केअर होममध्ये नर्सिंग असिस्टंट आहे, शिफ्ट संध्याकाळची. म्हणजे अभ्यास एकतर मुलं शाळेत गेल्यावर, नाहीतर रात्री अकरानंतर, पुस्तकावर डोकं ठेवून.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी: चार विभाग, १७० प्रश्न, २०९ मिनिटं. त्यात रीडिंगचे ४५ प्रश्न ५५ मिनिटांत आणि गणिताचे ३८ प्रश्न ५७ मिनिटांत. गणितात प्रश्नामागे बरोब्बर दीड मिनिट येतं. रीडिंगला सव्वा मिनिटसुद्धा नाही, आणि उतारा वाचायचा तो त्यातच.

मागच्या रविवारी घड्याळ लावून पहिली सराव परीक्षा दिली. गणित ३८ पैकी २२. रीडिंग ४५ पैकी २७, त्यातले शेवटचे आठ प्रश्न तर उघडलेच नाहीत.

चीड कशाची येते सांगू? गणित मला येतं. व्यवहारी अपूर्णांक, लसावि, त्रैराशिक, शेकडेवारी, सगळं शाळेत घोटून झालेलं. पण प्रश्नात न्यूमरेटर, प्रपोर्शन असं काही आलं की मी आधी ते मनात मराठीत आणते, सोडवते आणि मग पर्याय शोधते. त्यात वेळ जातो आणि घाईत भलतंच होतं. एक नमुना देते. १६५ पाउंड म्हणजे किती किलो? एक किलो म्हणजे २.२ पाउंड हे पाठ आहे. मी १६५ ला २.२ ने गुणलं, ३६३ लिहिलं आणि पुढे गेले. रोज माणसांना उठवून खुर्चीत बसवणारी मी, ३६३ किलोचा माणूस समोर आला तरी माझी भुवई हलली नाही!

रीडिंगचं दुखणं वेगळंच. एक छोटा उतारा होता, साबणाने हातावरचा तेलकटपणा सुटतो आणि त्याबरोबर जंतू पाण्यात वाहून जातात, एवढाच. प्रश्न होता की उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो. मी ठोकून दिलं, ‘हात किमान २० सेकंद धुवावेत.’ कामावर आम्हाला हेच शिकवलंय, आणि ते खरंच आहे. तरी उत्तर चूक. बरोबर पर्याय होता ‘नुसत्या पाण्यापेक्षा साबण-पाण्याने हात जास्त स्वच्छ होतात.’ अर्धा तास मी त्या उत्तराशी भांडत बसले होते.

तर गणितातला हा भाषेचा अडथळा कसा काढायचा? रीडिंगचा वेग कसा वाढवायचा? आणि सात आठवडे पुरतील का, की पुढच्या वर्षीचं बघू?

– रात्रपाळी

---

काळी_पाटी:

ताई, २२ म्हणजे काही वाईट सुरुवात नाही. मी मोठ्या माणसांना गणित शिकवतो, त्यावरून सांगतो. भाषांतर थांबवायला शब्दांची वही करू नका, गणितांची करा. रोज दहा उदाहरणं घ्या आणि पायऱ्या इंग्रजीतूनच मोठ्याने बोलत सोडवा. घरचे हसतील, हसू द्या.

पाउंड-किलोची चूक सगळेच करतात. पेन उचलायच्या आधी एकच विचारायचं: उत्तर मोठं येणार की लहान? माप मोठं, तर आकडा लहान. किलो पाउंडापेक्षा मोठा, म्हणजे किलोचा आकडा १६५ च्या खालीच हवा. भागा. ७५. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावा, चुकीचं उत्तर कागदावरच ओरडायला लागतं.

आता कंचेभागुबेव, म्हणजे कुठली क्रिया आधी करायची तो क्रम. शाळेत पाठ केलंत ना? त्यातच एक खड्डा आहे. १० – ४ + ३ घ्या. ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर म्हणून आधी बेरीज केली तर १० – ७, उत्तर ३. चूक. बेरीज-वजाबाकी एकाच मानाच्या, डावीकडून येईल ती आधी, म्हणून ९. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. टीजला कॅल्क्युलेटर स्क्रीनवर मिळतो, स्वतःचा नेता येत नाही, आणि तो साधा चार क्रियांचा असतो. १८ – ६ ÷ ३ × २ हे दिसलं तसं साध्या कॅल्क्युलेटरवर बडवलं तर ८ येतं. खरं उत्तर १४. आणि पर्यायांत ८ हमखास ठेवलेला असतो, प्रश्न काढणारी मंडळी तुमच्या-माझ्यापेक्षा बेरकी असतात.

टक्केवारीतली वाढ-घट काढताना भागायचं ते आधीच्या आकड्याने. ८० चे १०० झाले तर वाढ २५ टक्के, १०० चे ८० झाले तर घट २० टक्के. आणि घरात कुणी आजी-आजोबा निमकी-पावकी म्हणणारे असतील तर त्यांच्याकडून ती ऐका. पाऊण म्हणजे ०.७५ म्हणजे ७५ टक्के, अर्धपाव म्हणजे ०.१२५ म्हणजे साडेबारा टक्के, हे जिभेवर असलं की कॅल्क्युलेटर उघडायची वेळच येत नाही.

---

सव्वाशेर:

मागच्या वर्षी दिली, दुसऱ्या प्रयत्नात जमली. पहिली गोष्ट: ज्या कॉलेजांना अर्ज करणार त्यांना टीजच चालते ना, किती स्कोअर लागतो आणि परत द्यायची तर किती दिवस थांबावं लागतं, हे प्रत्येकाकडून लेखी घ्या. काही ठिकाणी टीज नाही, हेसी (HESI) ही वेगळी प्रवेश परीक्षा मागतात. माझी एक मैत्रीण दोन महिने चुकीच्या पुस्तकातून अभ्यास करत होती.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आठ प्रश्न कोरे सोडणं म्हणजे निव्वळ आळस, राग मानू नका! शेवटची दोन मिनिटं उरली की जे राहिलंय तिथे काहीतरी निवडाच. शिवाय १७० पैकी २० प्रश्न धरतच नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून बघत असतात. कुठले ते कळत नाही, पण एखादा फारच विचित्र वाटला तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ असं लिहिलेल्या प्रश्नात मात्र सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण.

रीडिंगला मी आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. तक्ते, अनुक्रमणिका, सूचनांची यादी असले प्रश्न पटापट सुटतात, तिथे कमावलेला वेळ लांब उताऱ्यांना.

---

निमूट_वाचक:

सव्वाशेर यांच्याशी अर्धा सहमत. तपशील विचारला असेल तर आधी प्रश्न ठीक. पण मुख्य कल्पना किंवा लेखकाचा हेतू विचारला असेल तर प्रश्न आधी वाचून हाती काहीच लागत नाही, पूर्ण उताराच वाचावा लागतो.

ताई, तुमचा प्रश्न वेगाचा नाही असं मला वाटतं. तुम्ही उताऱ्यात नसलेलं उत्तर दिलंत. मी भाचीला एकच नियम लावला होता: पर्याय निवडलास, आता उताऱ्यातल्या ज्या वाक्यामुळे निवडलास त्यावर बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर पर्याय रद्द, मग तो जगात कितीही खरा असो. निष्कर्षाच्या प्रश्नालासुद्धा हेच. निष्कर्ष छापलेला नसतो, पण ज्यावरून तो निघतो ते वाक्य असतंच. भाची पहिले चार दिवस चिडली. मग तिचा वेग आपोआप वाढला, कारण प्रत्येक पर्यायाशी वाद घालत बसणं थांबलं.

---

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, पण रिकाम्या हाताने आले नाहीये.

जुना पेपर काढून चुका मोजल्या. रीडिंगमध्ये सोडवून चुकलेले दहा. त्यातल्या सहांवर बोट ठेवता येईना, म्हणजे उत्तर माझ्या कामावरून आलेलं किंवा घरातून. तिघांत प्रश्नातला ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ नजरेतून सुटलेला. उतारा खरोखर न समजल्यामुळे चुकलेला फक्त एक. निमूट_वाचक, तुमच्या भाचीला सांगा, मी पण चार दिवस चिडले.

गणितातल्या सोळांपैकी सात एककांचे निघाले. आता प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिते. माझी मुलगी मला वाणसामानाच्या यादीतसुद्धा तसं लिहिताना बघून हसते.

परवा दुसरी सराव परीक्षा दिली. गणित २९, रीडिंग ३४. कोरा एकही नाही, शेवटचे तीन मात्र डोळे मिटून ठोकले. कॉलेजांना ईमेल केले, दोघांना टीज चालते, एकाला हेसी हवी, त्याचं नाव यादीतून काढलं.

आता एकच विचारते. परीक्षेची तारीख आत्ताच घेऊ, की अजून दोन पेपर सोडवून मग?

---

सव्वाशेर:

आत्ता घ्या. सकाळची मिळाली तर सकाळचीच, आणि आदल्या दिवशी शिफ्ट घेऊ नका.