रोटाचं पीठ गिरणीतलं, मग कानबाई जिती कशी?

तापीकाठचा:
परवा आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचा सण, झाला. माझी आजी सोवळ्यात जात्यावर दळायची, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, आणि दळता दळता अहिराणी गाणी. आता दळण गिरणीत, गाणी मोबाईलवर आणि सोमवारी विसर्जनाला डीजे. गर्दी भरपूर, पण मला विचाराल तर आतून सगळं मेलंय. धर्म जिवंत आहे हे म्हणायचं तरी कशावरून?

अमळनेरी:
काय भो, जातं गेलं म्हणजे धर्म गेला? दळायची तुझी आजी, तू कधी खुंट्याला हात लावला का. आमच्याकडचा गिरणीवाला रोटाच्या आधी गिरणी धुऊन काढतो, मग दुसरं कुठलंच दळण घेत नाही, लोक चपला काढून उभे राहतात. हे कुठल्या पोथीत आहे? त्याचं त्यानं ठरवलं. जितं म्हणजे हेच.

जुना मास्तर:
गर्दीवरून ठरत नाही हे मान्य. पारशी बघा, २०११ च्या जनगणनेत देशात ५७,२६४, पण गुजरातेत उदवाड्याला त्यांचा पवित्र इराणशाह अग्नी १७४२ पासून तेवता ठेवलाय. उलट ग्रीकांचा झ्यूस. देवळं बघायला जग लोटतं, पण नैवेद्य चुकला म्हणून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. चुकायची धास्ती आहे तोवर धर्म जिता.

अमळनेरी:
मास्तर, ग्रीसमध्ये मूठभर लोक परत त्या देवांना पुजायला लागलेत बरं का. आता त्यांची धास्ती कोण मोजणार 😄

माहेरवाशीण:
सर, धास्तीचं मी सांगते. आमच्या घरात लग्न झालेल्या मुलीनं माहेरचा रोट खायचा नाही, भाऊबंदकीतच संपवायचा. मागच्या वर्षी भावानं सरळ माझ्या ताटात वाढला. आई उठून आत गेली. मी तुकडा तोंडात घातला आणि घशाखाली उतरेचना, कारण धास्ती मलाही होतीच ना. मग नियम मोडला तिथं धर्म मेला का?

तापीकाठचा:
ताई राग मानू नका, पण ज्याला जसं वाटेल तसं करायचं तर उरलं काय, गेट टुगेदर?

माहेरवाशीण:
गेट टुगेदरला आई आत जाऊन रडली नसती, भाऊ.

अमळनेरी:
आणि यंदा?

माहेरवाशीण:
यंदा गहू मोजताना आईनं एक सव्वा मूठ जास्त टाकली. कोणाची ते बोलली नाही. भाऊ म्हणे नवीन पुतण्याची असेल, पण त्याची तर आधीच मोजून झाली होती.