मदत हवी आहे : अरोवाना आणि ऑस्करला गोल्डफिश-चिकनवरून चांगल्या आहारावर कसं आणायचं? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझी माशांची टाकी ५ × २ × २ फूट, प्रत्यक्ष पाणी ५०० लिटरच्या आसपास. त्यात एक सिल्व्हर अरोवाना (१६ इंच) आणि दोन ऑस्कर (१० इंच). कॅनिस्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्यातला) फिल्टर, तापमान २७. सध्याचा आहार : रोज संध्याकाळी दुकानातले जिवंत फीडर (खाऊ म्हणून विकले जाणारे) गोल्डफिश आणि एक दिवसाआड चिकनची कलेजी. पॅलेट (तयार खाद्याचे कोरडे दाणे) टाकले तर अरोवाना बघतसुद्धा नाही, ऑस्कर तोंडात घेऊन थुंकतात. एका ऑस्करच्या कपाळावर टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन खड्डे दिसतायत. अमोनिया शून्य, नायट्रेट ८० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर. इथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत नीट आहार कसा बसवायचा, आणि किती द्यायचा?

करवीर_जलचर
दादा, आधी गोल्डफिश बंद करा. तो कार्प कुळातला. या कुळातल्या बऱ्याच माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी-१ तोडतं. मासा रोज पोटभर खातो आणि तरीही बी-१ वाचून राहतो. आधी भूक मंदावते, मग तोल जातो, शेवटी झटके येतात. हे व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे दोष खाण्याला न जाता पाण्याला जातो. शिवाय दुकानातला फीडर गर्दीत, उपाशी ठेवलेला असतो. त्याच्याबरोबर अँकर वर्म (अंगात रुतणारा परजीवी), माशांच्या उवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हे सगळं फुकट घरी येतं. गोल्डफिशऐवजी रोहू-कटल्याची बोटुकली आणायचा विचार असेल तर तीही कार्पच, तोच प्रश्न.

कलेजीचंही तसंच. कोंबडीची किंवा बकऱ्याची चरबी २७ अंशांच्या पाण्यात माशाला नीट पचत नाही, ती यकृतात साठते. शिवाय कलेजीत व्हिटॅमिन ए इतकं असतं की वारंवार दिलं तर तेच बाधतं. मांसाहारी मासा म्हणजे कुठलंही मांस चालेल, हा समज सोडा. निसर्गात अरोवाना मुख्यतः किडे आणि कोळी वरच्यावर टिपतो. ऑस्कर शिंपले-गोगलगाई, किडे, छोटे कवचधारी आणि थोडा झाडपालाही खातो. दोघांच्या खाण्यात कवच असतं, तंतू असतात, आणि जमिनीवरच्या जनावराची चरबी जवळपास नसते.

बाजारात काय घ्यायचं ते सांगतो. चिलापी (टिलापिया) सगळ्यात उत्तम : तिच्यात थायमिनेज नसतं, चरबी कमी, वर्षभर मिळते, स्वस्त. काटे काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. दुसरी कोळंबी. डोकं आणि त्यावरचा करवतीसारखा काटा काढून टाका, तो आतडं फाडू शकतो. अंगावरचं पातळ कवच मात्र राहू द्या, रंगाला लागणारं द्रव्य त्यातच असतं. कच्च्या कोळंबीतही थोडं थायमिनेज असतं, म्हणून आठवड्यातून दोनदाच. गोठवलेलं पाकीट घेत असाल तर मागची यादी वाचा. सोललेल्या कोळंबीला पाणी धरून ठेवायला फॉस्फेट लावतात. यादीत कोळंबीशिवाय काही असेल तर ठेवून द्या. सुकट-जवळा नको, मीठ आणि वाळू दोन्ही पोटात जातात. तारली, बांगडा तेलकट, तेही टाळा.

उसाच्या-सोयाबीनच्या रानातले नाकतोडे कुणी आणून दिले तरी देऊ नका. फवारणी कधी झाली हे कळत नाही, आणि ते औषध किडा मारण्यासाठीच बनवलेलं असतं.

रंकाळाकाठ
खूप आभार. गांडूळखतातली गांडुळं चालतील का? आणि गोठवल्यावर थायमिनेज मरतं का?

करवीर_जलचर
गोठवल्याने मरत नाही. −१८ ला आठवडाभर ठेवलं तर बरेचसे परजीवी मरतात, एन्झाइम तसंच राहतं. ते शिजवल्याने जातं, पण शिजवताना बी-१ सुद्धा घटतं. म्हणून बाहेरून द्यायचं. मासे खाणाऱ्या प्राण्यांना प्राणिसंग्रहालयांत दर किलो माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन (म्हणजेच बी-१) देतात, तोच हिशोब धरा. १०० मिलिग्रॅमच्या साध्या बी-१ गोळीचा तिसरा हिस्सा एक किलो चिलापी-कोळंबीला पुरतो. चुरा करून वितळलेल्या तुकड्यांना चोळायचा, पाच मिनिटं मुरू द्यायचं, मगच टाकीत. आधी लावून महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर उपयोग कमी. वितळवायचं फ्रिजमध्येच, गरम पाण्यात नको.

खतातली तांबडी गांडुळं चिडली की कडवट पिवळा द्रव सोडतात, बरेच मासे ती थुंकतात. खायला लागले तरी एक दिवस ओल्या कागदात ठेवून पोट रिकामं झाल्यावरच द्या.

पंचगंगा_टँक
पॅलेटवर आणायची पद्धत मी लिहितो, कारण रोजचा मुख्य आहार शेवटी पॅलेटच हवा. त्यात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात, कोळंबीत नसतात.

पहिले पाच दिवस काहीच देऊ नका. या आकाराच्या सुदृढ माशाला त्रास होत नाही. (चार इंचाच्या आतल्या पिल्लांना मात्र इतका उपास घडवू नका.) उपासात विष्ठा पांढरट, दोऱ्यासारखी दिसेल, रिकाम्या आतड्यातला तो चिकट स्राव असतो, लगेच औषध ओतू नका. खायला लागल्यावरही तशीच राहिली तर मात्र आतड्यातल्या परजीवींचा विचार करावा लागेल.

सहाव्या दिवशी चिलापीचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वरच्या थरात हलवा. मेलेलं खाणं ही पहिली पायरी, पॅलेट दुसरी. तीन-चार दिवस बिनदिक्कत घेऊ लागले की कोळंबीच्या पाठीला चीर देऊन आत एक पॅलेट बसवा. बुडणारा पॅलेट अरोवानासाठी निरुपयोगी, तरंगणाराच घ्या. पॅलेट आधी कोळंबीच्या रसात दोन मिनिटं भिजवा, कोरडा टणक पॅलेट ऑस्कर थुंकतात तो चवीपेक्षा कडकपणामुळे. मग कोळंबीचा तुकडा लहान करत जायचा. ऑस्कर आधी शिकतील, त्यांना बघून अरोवाना येतो. पाच मिनिटांत न खाल्लेलं जाळीने काढा.

सगळं बिघडतं ते एकाच ठिकाणी : आठव्या-दहाव्या दिवशी घरातल्या कुणाला तरी दया येते आणि एक गोल्डफिश टाकला जातो. माशाला कळतं की थांबलं की हवं ते मिळतं. पुन्हा पहिल्यापासून.

पॅलेट प्रथिनं ४० ते ४५ टक्के, चरबी दहाच्या आत, घटकांत पहिलं नाव मासळीचं, पिठाचं नको. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. उघडल्यावर व्हिटॅमिन सी उतरत जातं, पावसाळ्यात आपल्याकडे बुरशीही धरते. तीन महिन्यांत संपेल एवढंच, हवाबंद, फ्रिजमध्ये.

करवीर_जलचर
प्रमाणाचं राहिलं होतं. तुमचे मासे प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या आसपास धरू. एका वेळी वजनाच्या एक टक्का कोरडा पॅलेट, म्हणजे ४ ग्रॅम. ताज्या माशात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, म्हणून चिलापी दिली तर १४-१५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा, मुठीचा अंदाज नेहमी जास्त होतो. एक दिवसाआड पुरे. खाल्ल्यावर पोट किंचित गोल दिसावं, बाजूंनी फुगू नये.

आता तुमचं ८० नायट्रेट. तिघांना मिळून १२ ग्रॅम, ४५ टक्के प्रथिनाचा पॅलेट टाकला की त्यातून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. ५०० लिटरमध्ये तो १ पीपीएम. फिल्टर त्याचं साडेचार पीपीएम नायट्रेट करतो. आठवड्याचं सरासरी १५. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललंत तर नायट्रेट ५० ला जाऊन थांबेल, ४० टक्के बदललंत तर चाळिशीच्या आत. म्हणून ४० टक्के. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. कपाळावरच्या खड्ड्यांना जास्त नायट्रेट आणि जीवनसत्त्वांची कमतरता ही दोन्ही कारणं मानली जातात, त्यामुळे दोन्ही एकदमच सुधारा. खड्डे वाढले किंवा खाणं सुटलं तर पशुवैद्याला दाखवा.

रंकाळाकाठ
हा हिशोब पहिल्यांदाच कळला. पावसाळ्यात आमच्याकडे तीन-चार तास लाईट जाते. आणि थंडीत काय बदल करायचा?

पंचगंगा_टँक
लाईट गेली की खाणं बंद, आली तरी त्या दिवशी नाही. वर लिहिलेला १ पीपीएम अमोनिया फिल्टर बंद असताना तसाच पाण्यात राहतो. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. कॅनिस्टर दोन तासांहून जास्त बंद राहिला तर थेट सुरू करू नका. आतलं पाणी प्राणवायू संपून सडलेलं असतं, ते ओतून, मीडिया (फिल्टरमधले स्पंज-खडे) टाकीच्याच पाण्यात हलका धुऊन मग लावा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ च्या आसपास उतरतो. ३०० वॉटचे दोन हीटर लावा, एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो. पाणी २४ च्या खाली गेलं तर पचन मंदावतं, तेव्हा आठवड्यातून दोनदाच आणि निम्मं द्या. अरोवानाच्या टाकीला झाकण घट्ट हवं, खायच्या वेळी तो हमखास उडी मारतो. दोन फूट रुंदीत तो पूर्ण वाढल्यावर वळू शकणार नाही, तीन फूट रुंदीच्या टाकीची तयारी आतापासून ठेवा.