मदत हवी आहे: डिप्लॉयनंतर जँगोचा मीडिया पाथ बदलतोय

नमस्कार मंडळी. ऑफिस महापेला (नवी मुंबई), सर्व्हर तिथेच. उबंटू, जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क), ते चालवायला गुनिकॉर्न. प्रत्येक डिप्लॉयला (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) तारखेचं नवं फोल्डर बनतं आणि 'करंट' ही सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) त्याकडे वळवतो.

सेटिंग्जमध्ये बेस डिर (प्रकल्पाचं मूळ फोल्डर) पायथनच्या पाथलिबमधल्या रिझॉल्व्हने काढलाय आणि मीडिया, म्हणजे चढवलेल्या फाइलींचं फोल्डर, त्याखालीच आहे. रिझॉल्व्ह सिमलिंक उलगडून थेट तारखेच्या फोल्डरचा पाथ देतं. काल ग्राहकांनी चढवलेल्या पावत्या आज सकाळी डिप्लॉय केल्यावर दिसेनात. जुन्या फोल्डरच्या मीडियात सापडल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सेटिंग्जची फाइल एक पातळी आत हलवली होती, म्हणून पेरेंट (एक पातळी वरचं फोल्डर) तीनदा लावलंय; ते तपासलं, बरोबर आहे. चालू डिरेक्टरीवरून पाथ काढला, तो लॅपटॉपवर चालला, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) कमांड चालवली की होम फोल्डर येतं. रिझॉल्व्हऐवजी ॲब्सोल्यूट (सिमलिंक न उलगडता पूर्ण पाथ देणारं) लावूनही उपयोग नाही, 'करंट'खालचा मीडिया पुढच्या डिप्लॉयला बदलणारच.

डॉकर आणि क्लाउड स्टोरेजला क्लायंटची परवानगी नाही.

मग मीडियाचा पाथ बेस डिरपासून तोडून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेल्या किमतीतून) द्यावा, की प्रत्येक रिलीजमध्ये एकाच सामायिक फोल्डरची सिमलिंक ठेवावी? आणि व्हेरिएबल द्यायचा राहिला तर सर्व्हिस सुरूच होऊ नये, ही तपासणी सेटिंग्जमध्येच करता की जँगोच्या सिस्टिम चेकमध्ये (प्रकल्पातल्या चुका तपासणाऱ्या सोयीत)?