आईला फॅटी लिव्हर पण आहे आणि दम पण लागतो, दोन्हीचा एकमेकांशी संबंध असतो का?

कृष्णाकाठ
नमस्कार, आईबद्दल विचारायचंय. वय 69, वजन 74 किलो, उंची 152 सेमी, डायबेटिस बरीच वर्षं आहे. कधी तंबाखू नाही, दारू नाही, पण गावी असताना आयुष्य चुलीपुढे गेलंय, गॅस फार उशिरा आला घरात. गेल्या वर्षभरात जिना चढताना दम लागतो, देवळापर्यंत गेली तरी मधे थांबते. डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली, त्यात एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर एकूण किती हवा बाहेर येते ते) अपेक्षेच्या 64 टक्के आलंय आणि रेशो (त्यातली पहिल्या सेकंदात किती येते) 0.81. एक्स-रे बरा आहे म्हणाले, श्वासाने ओढायच्या औषधाचा पंप दिलाय, पण त्याने तिला काही फरक वाटत नाही. मधे पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालं. रक्तात लिव्हरची एन्झाइम एसजीओटी 38, एसजीपीटी 42, प्लेटलेट 2 लाख 10 हजार. छातीचे डॉक्टर म्हणतात लिव्हरचं पोटाच्या डॉक्टरांना विचारा, पोटाचे डॉक्टर म्हणतात दम लागतो ते माझं काम नाही. दोन्हीचा काही संबंध असतो का? आणि लिव्हरचं कळल्यापासून तिने स्वतःच एक वेळचं जेवण बंद केलंय, सकाळी गुळवेलीचा काढा पण चालू केलाय, कोणाचं ऐकत नाही, मला त्याचंच टेन्शन आलंय.

दुपारचं_ऊन
ताई मी फिजिओथेरपी करते, बरेचसे पेशंट साठीच्या पुढचे असतात त्यामुळे लिहिते. संबंध आहे. अमेरिकेच्या एनहेन्स (NHANES) या आरोग्य सर्व्हेच्या डेटामध्ये आणि कोरियातल्या हेल्थ चेकअपच्या मोठ्या डेटामध्ये पण हे दिसलंय की ज्यांना फॅटी लिव्हर आहे त्यांची फुफ्फुसाची ताकद इतरांपेक्षा थोडी कमी भरते, आणि कमी भरते ती तुमच्या आईंसारखीच, म्हणजे एफव्हीसी खाली आणि रेशो चांगला. पण यातून लिव्हरमुळे फुफ्फुस बिघडलं असं सिद्ध होत नाही, बऱ्याचदा दोन्हीचं मूळ एकच असतं, पोटाच्या आतली चरबी. आत चरबी साठली की श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा मिळत नाही, मग पूर्ण श्वास भरत नाही, आणि तीच चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते, अंगात बारीक सूज कायम ठेवते, लिव्हरमध्ये पण जाऊन बसते. आईंचा बीएमआय 32 येतोय, आपल्याकडे 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर मोजली का? बायकांमध्ये 80 सेमीच्या वर असेल तर काळजी घ्यायची.

आता उपाशी राहण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. या वयात उपास करून वजन उतरवलं की चरबीबरोबर मांस पण जातं, आणि पायातली ताकद गेली की दम अजून लवकर लागतो, श्वासाचे स्नायू पण त्यातच आले. लिव्हरची चरबी 5 टक्के वजन कमी झालं तरी उतरायला लागते, म्हणजे आईंच्या बाबतीत पावणेचार किलोच्या आसपास, त्याला घाई नको, चार-सहा महिने लागले तरी चालेल. शुगरच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर जेवण चुकवून शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडू शकतात, हे तर आजच बघा. भाकरी-उसळ-ताक-अंडं दोन्ही वेळा द्या, किडनी ठीक असेल तर साधारण किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन धरतात, भात आणि गोड कमी करा. व्यायामाने वजन फार उतरलं नाही तरी लिव्हरची चरबी कमी होते, हे लोकांना माहीतच नसतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालणं इथून सुरू करा. त्याआधी जवळच्या फिजिओकडून 6 मिनिटं चालण्याची टेस्ट करून घ्या, त्यात ऑक्सिजन किती खाली जातो ते कळतं.

गावाकडचा_डॉक्टर
वरचं सगळं बरोबर आहे, मी मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. दोन-तीन गोष्टी अजून. सोनोग्राफीतल्या ग्रेड 2 ला लोक फार घाबरतात पण ग्रेड म्हणजे चरबी किती दिसतेय एवढंच, लिव्हर कडक झालंय का हे त्यावरून कळत नाही आणि खरा प्रश्न तोच असतो. त्यासाठी फिब-4 नावाचा आकडा काढतात, वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. तुमच्या आकड्यांवरून 1.93 येतंय. नेटवर 1.3 ची रेघ वाचून घाबरू नका, 65 च्या पुढे ती रेघ 2 धरतात कारण सूत्रात वयच आहे, नाहीतर सगळेच म्हातारे त्यात अडकतील. म्हणजे आत्ता कमी धोक्यात आहेत पण रेघेच्या जवळ आहेत.

दमाचं म्हणाल तर चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, आपल्याकडच्या बायकांत भरपूर होतो, पण त्यात रेशो 0.70 च्या खाली येतो. इथे 0.81 आहे म्हणजे नळ्या आवळल्यासारखं चित्र नाही, पंपाने फरक न वाटण्याचं कारण तेच असू शकतं, तरी पंप आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मुख्य म्हणजे इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? डायबेटिस असलेल्या 69 वर्षांच्या बाईला दम लागतोय तर हृदय आधी बघायला पाहिजे, फॅटी लिव्हरवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. रात्री घोरतात का ते पण सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर ऑक्सिजन वरखाली होत राहतो आणि त्याने लिव्हरचं पण नुकसान होतं.

सह्याद्री_७२
काढा ताबडतोब थांबवा असं मी म्हणेन. 2021 मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, खरी गुळवेल सुरक्षित आहे म्हणाले, तो वाद आहेच. पण बाजारातून आणलेली वेल नक्की कुठली हे आपल्याला ओळखता येत नाही आणि आईंचं लिव्हर आधीच नाजूक आहे, मग कशाला?

माहेरवाशीण
आमच्या काकांना लिव्हर सिरोसिस झाला तेव्हा उजव्या छातीत पाणी भरून दम लागायचा, त्याला हायड्रोथोरॅक्स म्हणाले. ते फार पुढच्या स्टेजला होतं, तुमच्या आईंचं तसं नाही. तरी लक्ष ठेवा, पायाला सूज येणं, पोट एकदम फुगणं, किंवा बसल्यावर दम जास्त आणि आडवं झाल्यावर बरं वाटणं, असं काही दिसलं तर वाट बघू नका. काळजी घ्या ताई, आईंना सांगा आम्ही सगळे विचारतोय.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काढा बंद केला, तिला गुळवेलीचं वाचून दाखवलं तेव्हा ऐकलं. शुगरची गोळी ग्लिमेपिराइडचीच निघाली, कालपासून दोन्ही वेळा जेवतेय. कंबर 98 भरली. इको झालेला नाही. घोरते, हो, आणि दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घेते. अजून एक, हे आधी लिहायचं राहिलं, तिला संधिवात आहे, हाताच्या बोटांचा, त्याची एक पिवळी गोळी बरीच वर्षं चालू आहे, मेथोट्रेक्सेट. याचा यात काही संबंध असेल का? आणि कोरडा खोकला पण असतो मधूनमधून.

गावाकडचा_डॉक्टर
ताई, संबंध असू शकतो, आणि यामुळे चित्र बदलतं. मेथोट्रेक्सेट लिव्हरवर परिणाम करतं, डायबेटिस आणि वजन असलेल्यांमध्ये जास्त, आणि क्वचित फुफ्फुसाला पण सूज आणतं, त्यात कोरडा खोकला आणि दम हीच लक्षणं. शिवाय संधिवात स्वतःच फुफ्फुसाला धरू शकतो, त्यात एफव्हीसी असंच खाली येतं आणि साध्या एक्स-रेत सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणून आता छातीचा एचआरसीटी (बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो ते बघणारी डीएलसीओ टेस्ट, दोन्हीबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. पोटाची चरबी हे एकटंच कारण असेल तर डीएलसीओ बहुतेक ठीक येतं. फिब-4 कमी आलंय म्हणून मी मघाशी थांबलो असतो पण या गोळीमुळे लिव्हर किती कडक आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन पण करून घ्या, 8 केपीएच्या (कडकपणाचं माप) खाली आलं तर लिव्हरची चिंता बरीच मिटते. इको आणि झोपेची टेस्ट हे आहेच.

गोळी मनाने बंद करू नका, सांधे परत सुजतील, पण संधिवाताच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून खोकला आणि दम सांगा, थांबवायची का ते ठरवतील. ताप आला किंवा एक-दोन दिवसात दम एकदम वाढला तर मात्र सरळ हॉस्पिटल. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. आई कशी घेतात ते आधी बघा, फॉलिक अॅसिड चालू आहे का ते पण.

कृष्णाकाठ
आत्ता डबा उघडून बघितला. मेथोट्रेक्सेट फक्त रविवारी आहे, फॉलिक अॅसिड सोमवारी. उद्या सकाळी फोन करते, तिन्ही डॉक्टरांचे कागद एकाच फाईलमध्ये लावतेय.

दुपारचं_ऊन
फाईलच्या पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची यादी लिहा ताई, सांध्याच्या, शुगरच्या, पंप, सगळं. छातीच्या डॉक्टरांना संधिवाताची गोळी माहीत असेल असं धरून चालू नका. एचआरसीटी होईपर्यंत चालणं हळूच ठेवा, बोटाला ऑक्सिमीटर लावून, आकडा 88 च्या खाली गेला तर बसवा आणि डॉक्टरांना कळवा.