ख्रिस्ती श्रद्धेत देवाला पिता म्हणतात, त्यात नेमके काय अभिप्रेत असते?

प्रश्न (फोंडा)

आमच्या वाड्यावर हिंदू आणि ख्रिस्ती घरे लागून आहेत. मे महिन्यात खुरसापुढे (क्रुसापुढे) लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते तेव्हा आम्हीही जाऊन उभे राहतो. मेणबत्त्या लावून सगळे ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतःला जगाचा पिता आणि माताही म्हणवतात, त्यामुळे देव पिता आहे ही कल्पना मला परकी नाही. तरी दोन शंका आहेत. सगळीच माणसे देवाची लेकरे असतील, तर येशूला एकुलता पुत्र का म्हणतात? आणि पिता म्हणजे देव पुरुष आहे, असे मानले जाते का?

उत्तर (सासष्टी)

आपली पहिली शंका या श्रद्धेच्या गाभ्यालाच हात घालते. देवाने जग निर्माण केले म्हणून तो पिता ठरला, असा क्रम आपण सहज लावतो. ख्रिस्ती शिकवण मात्र सांगते की जग नव्हते तेव्हाही तो पिताच होता, कारण पुत्र अनादिकाळापासून त्याच्यापाशी आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने पुत्र हा निर्माण केलेला आहे, असे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ३२५ साली नायसिया येथील धर्माध्यक्षांच्या परिषदेने ते मत नाकारले आणि पुत्र जन्मलेला आहे, निर्मिलेला नव्हे, असे ठरवून दिले. हा जन्म देहाचा नाही आणि काळातलाही नाही. म्हणजे येशूचे पुत्रत्व मुळातलेच आहे, आपले कृपेने मिळते. प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपणाची भाषा वापरतो आणि लगेच पुढे, आपण लेकरे आहोत तर वारसही आहोत, असे म्हणतो; दत्तक म्हणून आपला वाटा कमी होत नाही.

उत्तर (बार्देश)

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ, देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, असे स्पष्ट सांगतो. आई लेकराची समजूत घालते तसे मी तुमचे सांत्वन करीन, हे वचन बायबलमधील यशयाच्या ग्रंथात आहे, आणि १० सप्टेंबर १९७८ रोजी पोप जॉन पॉल पहिले यांनी देव पिता आहे, त्याहूनही अधिक तो माता आहे, असे म्हटले होते. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. ज्यांनी घरी बापाचा केवळ धाकच अनुभवला, त्यांना मात्र ही प्रार्थना म्हणणे खरोखर कठीण जाते. आईबाप चुकू शकतात, असे धर्मशिक्षणाचा तो ग्रंथही मान्य करतो.

उत्तर (तिसवाडी)

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, पण हा पिता कसा आहे ते लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टान्त वाचल्यावाचून कळणार नाही. वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा सगळे उधळून परततो, तेव्हा बाप त्याला दुरूनच ओळखतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलाने पाठ केलेली माफी तो पुरती ऐकूनही घेत नाही. बहुतेक प्रवचने येथेच थांबतात, हे मला खटकते. थोरला मुलगा रागावून अंगणाबाहेर उभा राहतो, तेव्हा बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. थोरला ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप ‘हा तुझा भाऊ’ असे उत्तर देतो. देवाला पिता म्हणायचे तर भाऊ नाकारता येत नाही, आणि म्हणूनच ती प्रार्थना ‘माझ्या बापा’ अशी नाही, ‘आमच्या बापा’ अशी आहे. शेताच्या मेरेवरून सख्ख्या भावाशी कोर्टात उभा असलेला माणूस ती म्हणतो, तेव्हा आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर, या ओळीपाशी त्याने अडखळावे, हेच योग्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना संपताच येशू तिच्यातील त्याच एका मागणीकडे परत वळतो आणि सांगतो की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही.