हिप-हॉपचा जलसा नागपुरात फुकटच व्हावा, तिकीट नको

गिट्टीखदान_ब्रेकर

येत्या हिवाळ्यात नागपुरात एक दिवसाचा हिप-हॉप आणि ब्रेकबीटचा जलसा करायचा, असं शहरातल्या काही क्रू (नाचणाऱ्यांचे गट), रॅपर आणि डीजे मंडळींमध्ये चाललं आहे. मोकळं मैदान हवं यावर सगळे एक आहेत. कस्तुरचंद पार्क मिळालं तर उत्तम, नाहीतर दुसरं बघू. अडलंय ते तिकिटावर. काहीजण म्हणतात शंभर रुपये लावा, पुढच्या खुर्च्यांना पाचशे. माझा याला विरोध आहे. तिकीट नको, पास नको आणि पुढच्या खुर्च्या तर मुळीच नकोत.

ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपचा जमिनीवरचा नाच, ही लांबून बघायची गोष्ट नाही. माणसं गोल करून उभी राहतात, त्याला आपण सायफर म्हणतो. त्या गोलातला बघणारा कोणत्याही क्षणी आत उतरू शकतो, आणि नाचून झालेला परत गोलात येऊन दुसऱ्यासाठी ओरडतो. पाचशेची खुर्ची तिथे ठेवायची कुठे?

आणि हे संगीत घडलं तेच नाचणाऱ्यांकडे बघून. कूल हर्क हा लहानपणी जमैकाहून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आलेला मुलगा. १९७३च्या सुमाराला तो पार्ट्यांत रेकॉर्डी लावायचा. त्याच्या लक्षात आलं की पोरं पूर्ण गाण्यावर नाचतच नाहीत. गायक थांबतो, बाकी वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम उरतो, त्या काही सेकंदांची ती वाट बघत असतात. त्या तुकड्यालाच ब्रेक म्हणतात, आणि त्यावर उभा केलेला ठेका तो ब्रेकबीट. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा ड्रमचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू. सेकंदांची मिनिटं झाली. जे संगीत जमिनीवरच्या पोरांनी घडवलं, त्याच्या दारात पोरांकडूनच पैसे घ्यायचे?

इंदोरा, टेका, ताजबाग, यशोधरानगर, आमचं गिट्टीखदान. इथले पोट्टे मोबाईलवर बघून विंडमिल, म्हणजे पाठीवर गरगर फिरायची चाल, शिकलेत. अर्धवट बांधकामाच्या स्लॅबवर पुठ्ठा टाकून सराव करतात. समोरासमोरची बॅटल, म्हणजे नाचाची लढत, त्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. चार मित्रांचे चारशे होतात, दोघांकडे नसतात, आणि मग चौघंही येत नाहीत.

हिशेबनीस_सदर

भाऊ, मी साउंड आणि लाइट भाड्याने देतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे.

अगोदर इतिहासाचं. ११ ऑगस्ट १९७३ची ती प्रसिद्ध पार्टी, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीतली, फुकट नव्हती. हर्कची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने ती ठेवली होती, शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. ज्या पार्टीला सगळं जग हिप-हॉपचा जन्म मानतं, तिच्या दारात तिकीट होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तुम्ही ब्रेकबीट म्हणता तेव्हा सगळ्यांत जास्त वापरलेला ब्रेक कुठला? ‘आमेन ब्रेक’. द विन्स्टन्स नावाच्या बँडचं १९६९चं ‘आमेन, ब्रदर’, त्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रम सोलो. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. तो तुकडा उचलून हजारो गाणी उभी राहिली, इंग्लंडमध्ये ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातून रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो घरादाराविना गेला. २०१५ला इंग्लंडच्या डीजेंनी लोकवर्गणीतून २४,००० पौंड जमवून बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला दिले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

फुकटच्या कार्यक्रमात कोणीतरी कोलमन होतोच. मंडपवाला पैसे सोडत नाही, जनरेटरवाला सोडत नाही, मी सोडत नाही. मग उरतो कोण? ज्याची मान हेडस्पिन करताना, म्हणजे डोक्यावर गरगर फिरताना, दुखावते तो. त्याला सांगतात, ‘अरे, तुला एक्स्पोजर मिळतंय ना.’

वडसाकडचा

हिशेबनीसभाऊ बरोबर बोलून राहिले. मी झाडीपट्टीतला, आता नागपूरले राहतो. आमच्या भागात दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांत. वडसा देसाईगंज त्याचं केंद्र. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, मंडई म्हणजे गावची जत्रा असो, रात्री नाटक ठरलेलं, आणि ते तिकिटावर. धान कापून मोकळा झालेला शेतकरी, शेतमजूर, बायाबापड्या, सगळे तिकीट काढून थंडीत रात्रभर बसतात. कुणाचं अनुदान नाही, तरी शेकडो कलाकारांचं, वादकांचं, पडदेवाल्यांचं घर त्याच्यावर चालते. गरीब माणूस तिकीट काढत नाही असं मले कोणी सांगू नका. आपलं वाटलं तर काढते.

आणि एक विचारतो. दंडार, खडी गंमत ही आमच्याकडची लोकनाट्यं करणारे म्हातारे शाहीर नागपुरात येतात तेव्हा त्यांच्यासाठी मैदान, वर्गणी, परवानगी यासाठी कोण धावते? ब्राँक्सच्या नाचासाठी तुम्ही एवढे जीव टाकून राहिले, आनंद आहे. थोडा जीव इकडेही टाका.

गिट्टीखदान_ब्रेकर

दादा, शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. दंडार आणि खडी गंमत त्याच मैदानावर दुपारी व्हावी, बिदागी देऊन, अशी मागणी मी बैठकीत मांडणार आहे. सायफरच्या गोलात ढोलकी आणि टाळ आले तर नाचणाऱ्यांना नवीन ब्रेक मिळेल.

पण झाडीपट्टीचं उदाहरण इथे लागत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला प्रेक्षक आहे. आजा नाटक बघायचा, नातू बघतो. ब्रेकिंगचा प्रेक्षक नागपुरात अजून घडायचा आहे. ज्याने चव घेतली नाही त्याच्याकडून आधी पैसे मागितले तर तो येणारच नाही.

हिशेबनीसभाऊ, सिंडीची पार्टी तिकिटावर होती हे खरं. पण ती इमारतीतल्या रिक्रिएशन रूममध्ये होती. हिप-हॉप पसरलं ते बागांमधून, पथदिव्याच्या खांबातून वीज घेऊन केलेल्या जॅममधून, म्हणजे खुल्या पार्ट्यांमधून. तिथे दार नव्हतं. आणि ब्राँक्सची तेव्हाची हालत काय होती? महामार्गासाठी वस्त्या फोडल्या होत्या, इमारती जळत होत्या, शाळांमधले संगीताचे कार्यक्रम बंद पडत होते. अशा ठिकाणी दार नसणं हीच त्या पोरांची कमाई होती.

आपल्या शहराला तर हे नव्याने शिकवावं लागू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पास नाही, तिकीट नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भोजनदान चालू असतं, पुस्तकांचे स्टॉल असतात, वामनदादा कर्डकांची गाणी रात्रभर चालतात. खर्च होत नाही असं थोडंच आहे? तो समाज उचलतो. तांदूळ कोणी देतो, ट्रक कोणी देतो, रात्र कोणी देतो.

हिशेबनीस_सदर

दीक्षाभूमीवर लोक श्रद्धेने देतात, भाऊ. त्यामागे १९५६ आहे, बाबासाहेब आहेत. बी-बॉयच्या, म्हणजे ब्रेकिंग करणाऱ्या पोराच्या, जनरेटरला डिझेल कोण श्रद्धेने देणार?

खामला_ज्येष्ठ

मुलांनो, तिकीट लावा की नका लावू, माझा प्रश्न आवाजाचा आहे. ध्वनी प्रदूषण नियम २०००चे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. हे कागदावर आहे. प्रत्यक्षात गणपतीपासून लग्नसराईपर्यंत माझ्या घराच्या काचा थरथरतात, आणि माझी पत्नी हृदयरोगी आहे. तुमच्या या ब्रेकबीटमध्ये तर खालचे सूरच जास्त. ते भिंतीतून येतात, कान झाकून थांबत नाहीत. फुकट म्हटलं की गर्दी वाढणार, गर्दी वाढली की आवाज वाढणार. सभागृहात करा. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे. आत काय हवं ते वाजवा.

गिट्टीखदान_ब्रेकर

काका, काकूंच्या तब्येतीची काळजी रास्त आहे. आमचा बेत दुपारी बारा ते रात्री आठचा आहे, त्यानंतर एक बीटही नाही. स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या नाहीत. बॅटलला नाचणाऱ्याला आणि गोलाला ऐकू आलं की पुरतं, अर्ध्या शहराला ऐकवायची गरज नसते. सभागृहाचं मात्र जमणार नाही. तिथे खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात आणि नाचणारा वर स्टेजवर एकटा पडतो.

बीगर्ल_मानेवाडा

मी सगळ्यांचं वाचलं. मी ब्रेकिंग करते, आणि मला तुमचं ‘दार नको’ पटत नाही, दादा.

दार नसलेल्या मैदानात काय होतं हे मुलींना विचारा. सायफरमध्ये मुलगी उतरली की मागून मोबाईल वर होतात. फ्रीझ धरला, म्हणजे एका पोझमध्ये थांबलं, पाय वर गेले, की त्याचेच व्हिडिओ निघतात आणि खाली काय काय लिहिलेलं असतं ते मी इथे लिहिणार नाही. शिट्ट्या वेगळ्या. घरी कळलं की दुसऱ्या दिवसापासून सराव बंद. माझ्यासोबत सुरू केलेल्या मुली अशाच सुटल्या. तुम्ही इंदोऱ्याच्या, टेक्याच्या पोट्ट्यांचं बोललात. त्याच वस्त्यांतल्या पोट्ट्यांच्या बहिणी कुठे आहेत?

तिकीट मलाही नको. शंभर रुपये भरून आलेला माणूस सभ्य असतो असं अजिबात नाही, पाचशेच्या खुर्चीवरूनही तेच व्हिडिओ निघतात. पण प्रवेशाला एक जागा हवी, तिथे नाव लिहून हातावर पट्टी बांधावी, आणि बेशिस्त वागला तर पट्टी कापून बाहेर काढण्याचा अधिकार स्वयंसेविकांना हवा. गोलाच्या पहिल्या रांगेत मुली. बाथरूम हवेत, खरे, पाण्यासकट. मुलींची बॅटल अगदी शेवटी ठेवू नका, चारला ठेवा, म्हणजे आईला घेऊन येता येईल आणि उजेड असताना परतता येईल. कस्तुरचंद पार्कला मेट्रो स्टेशन आहे, माझ्यासाठी ती जागा निवडायला तेवढं एक कारण पुरे. आणि बक्षिसाची रक्कम मुलांइतकीच.

२०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग आलं तेव्हा पहिलं सुवर्ण जपानच्या आमीने घेतलं. मुलांची स्पर्धा दुसऱ्या दिवशी झाली. तो व्हिडिओ मी आईला दाखवला तेव्हा कुठे तिने मला क्लासला जाऊ दिलं.

धरमपेठ_डीजे

ऑलिम्पिकचं निघालंच आहे तर सांगतो. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या यादीत ब्रेकिंग नाही. म्हणजे सरकारी क्रीडा निधीच्या भरवशावर राहू नका. कंपनीचा प्रायोजक घ्या, फलक लावू द्या, प्रवेश फुकट ठेवा. यात वाईट काय आहे? आणि एक व्यवहाराचं: प्रवेश फुकट ठेवला म्हणून रेकॉर्ड वाजवण्याच्या परवान्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तो खर्च यादीत धरा. शक्य असेल तर इथल्याच निर्मात्यांकडून ब्रेक बनवून घ्या. नाचणाऱ्याला डीजे काय लावणार ते आधी माहीत नसतं, त्यामुळे नवे ब्रेक असले तर बॅटल आणखी रंगते.

गिट्टीखदान_ब्रेकर

ताई, पट्टी आणि स्वयंसेविका हे मी तुझ्या शब्दांत जसंच्या तसं पुढे ठेवतो. त्याला माझा विरोध नाही. पैशासाठी कोणी अडवलं जाऊ नये एवढंच माझं आहे, वागणुकीसाठी अडवावंच लागेल. चारची वेळ पक्की धर.

डीजेभाऊ, प्रायोजकाला ना नाही, दोन अटींवर. तंबाखू, दारू आणि ऑनलाइन जुगाराचं नाव मैदानात दिसणार नाही. आणि पुढची रांग त्यांच्या पाहुण्यांसाठी राखली जाणार नाही. दुसरी अट सांगितली की बरेच प्रायोजक उठून जातात, जाऊ द्या.

हिशेबनीसभाऊ, डिझेल कोण देणार याचं उत्तर: एलईडीची भिंत नको, धुराचं यंत्र नको, उंच स्टेज नको. प्लायवूडवर विनाइल अंथरलेली चांगली जमीन, दोन टर्नटेबल, मिक्सर, चार स्पीकर, सावलीला कापड. आपल्याकडचे कार्यक्रम महाग होतात ते भपक्यामुळे. जमा होणाऱ्या पैशातला पहिला हिस्सा नाचणाऱ्यांचा, परीक्षकांचा आणि डीजेचा. तो भरल्याशिवाय मंडप ठरवायचा नाही. कोलमनची गोष्ट मला माहीत आहे, आणि म्हणूनच म्हणतो की कलाकाराचे पैसे तिकीटखिडकीवर किती गर्दी होते यावर सोडू नका. खिडकी रिकामी राहिली तर पहिला तोच बुडतो.

वडसाकडचा

शेवटचं बोललास ते आमच्या नाटक कंपन्यांतही होते, भाऊ. पाऊस आला, पब्लिक आलं नाही, की कलाकाराची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, अर्धी. तरी मी तिकिटाच्याच बाजूनं आहे. दहा रुपये ठेव, पण ठेव. दहा रुपये देणारा माणूस तो खेळ आपला समजते.

हिशेबनीस_सदर

माझंही मत तिकिटाचंच राहील. दहा नाही, पन्नास. पण पहिला हिस्सा कलाकारांचा हे लेखी असेल, आणि ती रक्कम कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी खात्यात जमा झालेली मला दिसली, तर साउंडचा अॅडव्हान्स मी मागणार नाही. भाडं पूर्ण घेईन, कार्यक्रम झाल्यावर. रक्कम दिसली नाही तर माझी गाडी मैदानावर येणार नाही.